मी, डुप्लिकेट दिनूभाऊ

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, ‘तुमच्या कामाबद्दल लिहा, वाचकांना आवडेल.’ मी मोठ्या ऐटीत ही बातमी घरात सांगितली. गवार मोडत बसलेल्या सुलभानं, म्हणजे माझ्या पत्नीनं, वर न बघताच विचारलं, ‘कुठलं काम?’

प्रश्न रास्त होता. नाशिकला सातपूरच्या कारखान्यातली चांगली नोकरी मी ऐन तिशीत सोडली. घरच्यांच्या मते मला अजून दुसरी लागलेली नाही. त्यानंतर मी जे केलं त्याला फॉर्मवर लिहिता येईल असा शब्द नाही. शाळेत आमच्या मुलीला ‘वडील काय करतात?’ असं विचारलं की ती ‘दुसऱ्यासारखे दिसतात’ असं सांगून खाली बसायची. एकदा बाईंनी काळजीनं मला बोलावून घेतलं. मी वर्गाच्या दारात उभा राहिलो आणि बाई एकदम उठून उभ्या राहिल्या. ‘अगं बाई, दिनूभाऊ!’

तर हे माझं काम. मी दिनूभाऊंचा डुप्लिकेट होतो.

दिनूभाऊ कोण, हे पन्नाशीतल्या वाचकांना सांगायला नको. घराघरात एकच वाहिनी दिसायची त्या काळातल्या एका मालिकेत ते चाळीचे घरमालक होते. भाडं मागायची लाज वाटणारे घरमालक. दर महिन्याला भाडं मागायला जायचे आणि भाडेकरूलाच काहीतरी देऊन यायचे. ‘भाड्याचं नंतर बघू,’ हे त्यांचं वाक्य पुढे साऱ्या महाराष्ट्रात उधारीवाल्यांच्या तोंडी बसलं. आमच्या पंचवटीत ती मालिका लागली की भाजीबाजारात गिऱ्हाईक नसायचं. कारखान्याच्या कँटीनमध्ये एकदा कुणीतरी म्हणालं, ‘तू दिनूभाऊसारखा दिसतोस रे.’ मी ते गांभीर्यानं घेतलं. माझ्या आयुष्यात अशा चुका बऱ्याच आहेत, पण इतकी वर्षं चाललेली ही एकच.

बाहेरच्यांना वाटतं, मिमिक्रीवाला आणि डुप्लिकेट एकच. तसं नाही. मिमिक्रीवाल्याच्या गळ्यात दहा-वीस माणसं असतात. एकाचा बाजार उठला की तो दुसरा काढतो. डुप्लिकेटच्या नशिबी एकच चेहरा. आमचं दुकान एकाच मालाचं, आणि तो मालही दुसऱ्याचा. काम काय, तर ऑर्केस्ट्रात गायिका साडी बदलायला गेली की मधली वेळ भरून काढायची, दुकानाची फीत कापायची, लग्नात नवरा-नवरीशेजारी उभं राहायचं, गणपतीत मंडळाच्या आरतीला जायचं. बोर्डावर ‘दिनूभाऊ’ हे शब्द वीतभर अक्षरात आणि ‘ज्युनिअर’ हा शब्द मुंगीएवढा. चष्मा नसलेल्याला तो दिसू नये, हीच आयोजकांची इच्छा असायची.

या धंद्याचा पहिला नियम, लोकांसमोर जेवायचं नाही. खरा नट जेवताना दिसला तर लोक कौतुकानं बघतात. डुप्लिकेट जेवताना दिसला की ‘हा तर आपल्यातलाच’ म्हणतात, आणि मग त्यांना हसू येत नाही. कितीतरी लग्नांत मी बासुंदीच्या पातेल्यापासून चार हातांवर उपाशी हसत उभा राहिलोय. घरी येऊन आमटी-भात मागायचो तेव्हा सुलभा म्हणायची, ‘लग्नाला गेला होता की उपासाला?’

गिऱ्हाइकंही एकेक असायची. सिडकोत एका फर्निचरच्या दुकानाचं उद्घाटन होतं. मालकानं घरी सांगून ठेवलं होतं की खरे दिनूभाऊ येणार. मला म्हणाला, ‘माझे वडील तुमचे फार चाहते आहेत, तेवढं सांभाळून घ्या.’ वडील जुन्या नाशकातले, चांगले चार खोल्यांचे घरमालक. त्यांनी मला कोपऱ्यातल्या नव्या सोफ्यावर बसवलं आणि माझा हात घट्ट धरून झापायला सुरुवात केली. ‘तुमच्यामुळे आमचे भाडेकरू शेफारले! मागायला गेलं की ते आम्हालाच म्हणतात, नंतर बघू. तुमचं ठीक आहे हो, तुम्ही टीव्हीत आहात.’ मी दिनूभाऊंच्या वतीनं त्यांची माफी मागितली. म्हातारा खूश झाला. जाताना मला म्हणाला, ‘आता पुढच्या भागात तरी भाडं वसूल करा.’

पण खरं सांगायचं ते नामपूरचं.

नामपूरला कांद्याच्या व्यापाऱ्यांचा कार्यक्रम होता. बाजाराच्या आवारात स्टेज. मालिकेतले दिनूभाऊ अनवाणी फिरायचे म्हणून मीही अनवाणी. धूळ बसावी म्हणून कुणीतरी नुकतंच पाणी मारून ठेवलेलं. मी चढलो तसा पुढच्या रांगेतला एक पागोटेवाला मोठ्यानं म्हणाला, ‘हाऊ आसली नही शे भो!’ म्हणजे हा काही खरा नाही. लोक हसले. माझं तोंड उतरलं. कसाबसा माईकपर्यंत गेलो, माईकची दांडी धरली आणि वीज अशी काही अंगात शिरली की मान डावीकडे झटकली गेली आणि तोंडातून ‘हॅऽऽक्’ असा आवाज निघाला.

पहिल्यांदा सगळं शांत. मग असा हशा उसळला की बाजूच्या ट्रॅक्टरवरची पोरं उठून उभी राहिली. पागोटेवाला तर मांडीवर थाप मारून ओरडत होता, ‘आखो एकदाव! आखो एकदाव!’ त्याला ते परत एकदा हवं होतं. मी माईकला हात न लावता परत एकदा मान झटकली. परत हशा. त्या दिवसापासून ती मान माझ्या कार्यक्रमात कायमची आली.

आता गंमत बघा. दिनूभाऊंनी जन्मात कधी मान झटकली नव्हती. पण लोकांनी ती मान दिनूभाऊंची म्हणूनच घरी नेली. मालेगावच्या एका डुप्लिकेटनं ती उचलली. त्याच्याकडून कुणा मिमिक्रीवाल्यानं उचलली आणि तो टीव्हीवरच्या स्पर्धेत जिंकला. मग शाळेच्या गॅदरिंगमधली पोरं, ऑफिसातले विनोदी कारकून, लग्नातले मामा, सगळे दिनूभाऊ करायचे म्हणजे मान झटकायचे. मी ज्याला त्याला सांगत सुटलो, ‘ती माझी आहे, नामपूरची आहे.’ लोक म्हणायचे, ‘काय काका, आता तेही तुमचंच का?’

आणि एक दिवस दुखऱ्या मानेला लावायच्या मलमाची जाहिरात लागली. खरे दिनूभाऊ खुर्चीत बसलेले. त्यांनी मान डावीकडे झटकली, ‘हॅऽऽक्’ केलं आणि मलम लावलं. मी ताट बाजूला सारून उभाच राहिलो. सुलभा शांतपणे म्हणाली, ‘हा तर तुमची नक्कल करतोय.’

गेल्या वर्षी दिनूभाऊ गेले.

बातमी कळली तेव्हा मी दाढी करत होतो. खोटं कशाला बोलू, मनात पहिला विचार आला तो असा, की आता श्रद्धांजलीच्या कार्यक्रमांना बोलावणी येतील. दुसरा विचार, की त्यानंतर कधीच येणार नाहीत. मग आरशात बघितलं तर फेस लावलेले दिनूभाऊ समोर, आणि मला रडू फुटलं. ज्या माणसाशी आयुष्यात एकदाच बोललो, त्याच्यासाठी मी वडील गेले तेव्हा रडलो होतो तसा रडलो. इतकी वर्षं रोज सकाळी त्यांचाच चेहरा धुतला होता मी.

दुपारपासून लोक भेटायला यायला लागले. मला! पांढरे कपडे घालून, चपला बाहेर काढून, भिंतीशी मांडी घालून बसायचे. ‘फार वाईट झालं. कशानं गेले?’ मी जे बातम्यांत ऐकलं होतं तेच सांगायचो. गल्लीतल्या एक वहिनी पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आल्या, ‘घरात चूल पेटली नसेल म्हणून.’ मी संकोचानं नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुलभानं डबा आत नेला. ‘असू द्या, आज सिलेंडर संपलाय,’ म्हणाली.

संध्याकाळी आमच्या मंडळाचा अध्यक्ष संजू आला. श्रद्धांजली सभा ठेवतोय, तुमचा कार्यक्रम मुख्य, लहान मुलांची मान झटकायची स्पर्धाही घेतोय, असं भरल्या गळ्यानं सांगून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजीला निघालो आणि रामकुंडाकडे वळायच्या कोपऱ्यावर थबकलो. भला मोठा बोर्ड. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली ‘आपले लाडके दिनूभाऊ’ आणि मध्ये हार घातलेला फोटो. फोटो माझा होता. गेल्या गणपतीत मंडळाच्या आरतीला काढलेला. मागे संजूचा अर्धा कानही दिसत होता.

मी संजूला गाठलं. तो म्हणाला, ‘काका, बोर्डवाल्याला म्हटलं दिनूभाऊचा फोटो घे, त्यानं माझ्या मोबाइलमधून घेतला. त्याची काय चूक?’ मी म्हटलं, ‘अरे पण मी जिवंत आहे.’ तो म्हणाला, ‘ते गल्लीला माहितीये ना काका. आणि खरं सांगू का, त्यांचा खरा फोटो लावला असता तर इथं लोकांनी ओळखला नसता. म्हातारपणी फार वेगळे दिसायचे ते.’ मी कोथिंबीर घेऊन घरी आलो.

त्या बोर्डाचा फोटो कुणीतरी मोबाइलवरून पेठला, सुलभाच्या माहेरी पाठवला. दुपारी सुलभाचा भाऊ एसटीनं येऊन दारात उभा. डोळे लाल, खांद्यावर टॉवेल. मी दार उघडलं तर तो किंचाळलाच. ‘भावजी! तुमी हायेत? मंग तो बोर्ड कोणाचा?’ सगळं समजावून सांगेपर्यंत त्याला घाम फुटला होता. पाणी पिऊन झाल्यावर जरा खट्टू होऊन म्हणाला, ‘म्या भाताची लावणी टाकून आलो ना.’ मला त्याची माफी मागावी लागली. आपण मेलो नाही म्हणून माफी मागायची वेळ फार कमी लोकांवर येत असेल.

सभेच्या दिवशी सकाळी पुन्हा दार वाजलं. मला वाटलं, आणखी कुणी पाहुणा. दारात साधा सलवार-कमीज घातलेल्या, चाळिशीच्या एक बाई उभ्या होत्या. माझ्याकडे बघून त्या एक पाऊल मागे सरल्या. मग म्हणाल्या, ‘मी मेघना. दिनूभाऊंची मुलगी.’

त्या अस्थी घेऊन रामकुंडावर आल्या होत्या. विधी आटोपून परत जाताना त्यांची गाडी भाजीच्या हातगाड्यांत अडकली आणि समोर बोर्ड दिसला. नाव वडिलांचं, हार वडिलांचा आणि आत कुणी तिसराच. त्यांनी काच खाली करून भाजीवाल्या मावशींना विचारलं, हे कोण? मावशी म्हणाल्या, ‘ते ना? मागच्याच गल्लीत राहतात. काल-परवाच तर नेली कोथिंबिरीची जुडी, लय घासाघीस केली.’

मी हात जोडले. ‘ताई, तो बोर्ड मी नाही लावला. पण भांडायचं असेल तर माझ्याशीच भांडा.’

‘भांडायला नाही आले, काका,’ त्या म्हणाल्या आणि खुर्चीत टेकल्या. सुलभानं पाणी दिलं. पेला हातात तसाच धरून त्या बोलत राहिल्या. ‘बाबा गेल्यापासून जो भेटायला येतो तो मान झटकून दाखवतो. स्मशानात एक गृहस्थ आले, माझा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी, म्हणाले, “त्यांचं ते फार आठवतं हो,” आणि झटकली मान.’

सुलभानं माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघितलं. म्हटलं, ‘ताई, ती मान त्यांची नव्हतीच. ती नामपूरच्या विजेची आहे.’

‘माहितीये. बाबा सांगायचे, नाशकात एक जण आहे, त्याची आहे ती.’

इतकी वर्षं जे एकानंही मानलं नव्हतं ते खुद्द दिनूभाऊ घरी सांगत होते! मी फुगलो. पण फार वेळ नाही.

‘काका, माझ्याकडे त्यांचं हजार ठिकाणचं रेकॉर्डिंग आहे. मालिका, नाटकं, मुलाखती. पण घरातले बाबा कुठेच नाहीत. कॅमेरा दिसला की बाबा जायचे आणि दिनूभाऊ यायचे. माझ्या लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा कन्यादानाला बसलेत आणि कॅमेरा वळला तशी मान झटकलीय. मला वाटलं होतं, लक्षात राहील की सगळं, आपलेच बाबा आहेत. पण आता डोळे मिटले ना, तरी मानच दिसते. मला भीती वाटते. बाबा माझ्याही हातून चाललेत.’ पेला खाली ठेवून त्यांनी विचारलं, ‘तुम्ही त्यांना कधी कॅमेऱ्याशिवाय बघितलंय?’

बघितलं होतं. एकदाच. मलमाच्या जाहिरातीनंतर त्यांच्या नाटकाचा प्रयोग नाशकात होता तेव्हा मध्यंतरात मी ओळख काढून आत गेलो होतो आणि ती मान माझी म्हणून सांगितलं होतं. मला वाटलं होतं, हा माणूस मला हाकलून देईल. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, ‘म्हणजे काय आहे, ती मान नक्की किती डावीकडे जाते हो? लोक मागतात, आणि मला नीट जमत नाही.’ मी शिकवलं. त्यांनी दोनदा करून बघितलं, ‘आई गं’ म्हणाले आणि मान चोळत बसले. मग आम्ही दोघे नुसतेच बसून राहिलो. डुप्लिकेटला एक खोड असते, समोरचा माणूस तो डोळ्यांनी पाठ करतो. त्या पंधरा मिनिटांतले दिनूभाऊ माझ्याकडे जसेच्या तसे होते. त्यांचं मी कधी काही केलं नाही, कारण त्यात हशाच नव्हता.

‘काय करत होते ते?’ मेघनाताईंनी विचारलं.

‘रुमालाची घडी घालत होते. चार पदरी घडी, मग मांडीवर ठेवून तळव्यानं इस्त्री केल्यासारखी दाबायची, मग परत उलगडायची. बोलताना “म्हणजे काय आहे” म्हणायचे आणि पुढचं बोलायचेच नाहीत. आणि बेल झाली तेव्हा बाहेर जाताना पंखा बंद करून गेले. मी आत बसलेलो होतो तरी.’

मेघनाताई हसल्या. पहिल्यांदाच. ‘आम्ही ओरडायचो! जेवत बसलेलो असायचो आणि बाबा पंखा बंद करून निघून जायचे.’ मग हसू थांबवून म्हणाल्या, ‘दाखवता मला? एकदाच?’

मी उठलो, खुर्ची घेतली, रुमाल काढला. म्हटलं, ‘म्हणजे काय आहे,’ आणि मान झटकली.

परत सुरुवात केली. परत झटकली. मी मुद्दाम नव्हतो करत, देवाशप्पथ. दिनूभाऊंचा आवाज गळ्यातून निघाला की मान आपोआप निघायची. मेघनाताईंनी खिडकीबाहेर बघितलं. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. म्हटलं, ‘ताई, घरात नाही जमत. संध्याकाळी सभेत करतो, समोर माणसं लागतात मला.’ ही शुद्ध थाप होती. मला वेळ हवा होता. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला परतणार होत्या.

दुपारभर सरावाला बसलो. सुलभा लाटणं घेऊन समोर. मान हलली की ती लाटणं पोळपाटावर आपटायची. शेजारच्यांना वाटलं, आज पुरणपोळ्यांचा बेत आहे. संध्याकाळपर्यंत ती म्हणाली, ‘झोपेतसुद्धा झटकता तुम्ही, दोन तासांत काय सुटणार? पण त्या पोरीकडे बघून करा. लोकांकडे बघू नका.’ चाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला माझ्या धंद्याबद्दल दिलेला हा एकमेव सल्ला.

मंडळाचा हॉल गच्च भरला होता. बाहेर उकाडा, आत सगळे पंखे गरगरत होते. पुढच्या रांगेत स्पर्धेची पोरं कपाळाला टिळे लावून बसलेली. मेघनाताई अगदी मागे, भिंतीशी. मी आत शिरलो तशा टाळ्या पडल्या. मी खुर्चीत बसलो. चपला काढून शेजारी नीट जोडीनं ठेवल्या. रुमाल काढला. घडी घातली, मांडीवर दाबली. ‘म्हणजे काय आहे,’ म्हणालो, आणि गप्प बसलो.

मान आतून खेचत होती. मी मागच्या भिंतीकडे बघत राहिलो. घडी उलगडली. परत घातली. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. मग एका पोरानं विचारलं, ‘सुरू कधी होणार?’ आणि मागून आवाज आला, ‘मान! ओ काका, मान!’ बघता बघता अर्धा हॉल ‘मान, मान’ करायला लागला. माझ्या धंद्यात लोक मागतील ते न देणं म्हणजे पाप. मी रुमाल दाबत बसलो. मग उठलो, चपला घातल्या आणि दिनूभाऊंच्या चालीनं, जरा पाय ओढत, भिंतीवरच्या बटणांपाशी गेलो आणि एकेक करून हॉलमधले सगळे पंखे बंद केले.

काय गोंधळ उडाला! ‘ए, लाव पंखे!’ ‘काका, डोकं फिरलं का?’ आणि त्यातच कुणीतरी ओरडलं, ‘अरे, हा डुप्लिकेट आहे!’ साऱ्या हॉलमध्ये एकच माणूस हसत होतं. मागच्या भिंतीशी, तोंडावर ओढणी धरून, डोळ्यांतून पाणी गळत असताना.

संजूनं धावत येऊन पंखे लावले आणि माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. ‘घालवलीत ना सभा, काका!’ त्यानं लगेच पोरांना स्टेजवर चढवलं. मान झटकायची स्पर्धा सुरू झाली आणि हॉल परत आनंदात आला. मी चोरासारखा बाहेरच्या पायऱ्यांवर आलो. मेघनाताई तिथं येऊन थांबल्या होत्या.

‘किती कंटाळवाणं केलंत हो,’ त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

‘अगदी तसंच. बाबा घरी अस्सेच कंटाळवाणे होते.’ आणि त्या पायरीवर बसून रडायला लागल्या. मला आजवर मिळालेली सगळी शाबासकी एका बाजूला ठेवा. या वाक्यापुढे ती काहीच नाही.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले. ‘ती घडी परत एकदा घालाल?’ मी शेजारी बसलो आणि रुमाल काढला. त्यांनी पर्समधून मोबाइल काढून माझ्यावर धरला, आणि धरला तशी माझी मान शिवशिवायला लागली. त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मोबाइल खाली घेतला. ‘नको. कॅमेरा दिसला की तुम्हीही जाल.’ मग हनुवटी गुडघ्यावर टेकवून त्या नुसत्या बघत राहिल्या. मी घडी घातली, दाबली, उलगडली. परत घातली. आत पोरं मान झटकत होती आणि लोक टाळ्या पिटत होते. किती वेळ गेला, कोण जाणे.

रस्त्यावर त्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला. त्या उठल्या, ओढणी सारखी केली, आणि माझ्याकडे न बघताच, रोजच्यासारखं म्हणून गेल्या, ‘चला बाबा, उशीर होतोय.’

म्हणाल्या आणि तिथंच थांबल्या.

दिनूभाऊ म्हणून ज्यानं ज्यानं हाक मारली त्याला मी आयुष्यभर ओ देत आलो. लग्नाच्या मांडवात दिली, बाजारात दिली, न्हाव्याच्या दुकानात दिली. ही हाक घेणं माझ्या हातून झालं नाही. मी रुमाल खिशात घातला आणि माझ्या स्वतःच्या आवाजात, जो जरा घोगरा आहे आणि जो ऐकायला कधी कुणी बोलावलं नाही, म्हणालो, ‘ताई, मी विलास. चला, गाडीपर्यंत सोडतो तुम्हाला.’